‘मेटी’ : खलाशांचा एक शब्द व त्याचें मोल

समुद्रावरील साहसांच्या इंग्रजी गोष्टी ज्यांनीं वाचल्या आहेत, किंवा चित्रपटांतून चांच्यांचीं सोंगें पाहिलीं आहेत, त्यांस ‘मेटी’ हा शब्द अपरिचित नाहीं. एक डोळा झांकलेला, खांद्यावर पोपट बसविलेला खलाशी आपल्या जोडीदारास हांक मारतो ती बहुधा याच शब्दानें. आमचे विद्यार्थीहि इंग्रजी नाट्यप्रवेशांत हा शब्द मोठ्या हौसेनें उच्चारतात, आणि त्याचा अर्थ विचारला असतां ‘मित्रा’ किंवा ‘दोस्ता’ एवढें सांगून मोकळे होतात. हें उत्तर चुकीचें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. ज्या लोकांनीं हा शब्द जन्मास घातला व शेंकडों वर्षें तोंडीं वागविला, त्यांच्या मनांत त्याच्याबरोबर एक जबाबदारीहि होती. ती जबाबदारी कोणती, आणि ती ध्यानांत न घेतां हा किंवा असला कोणताहि शब्द वापरणें कितपत योग्य आहे, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहूं. ‘मेटी’ हें ‘मेट’ या शब्दाचें लाडकें रूप होय. आपण जसें रामाला ‘रामू’ किंवा बाळाला ‘बाळू’ म्हणतों, तसाच हा प्रकार. मूळ ‘मेट’ हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला, आणि तो आला उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरील लोकांच्या भाषेंतून. त्या भाषेंत त्याचा अर्थ ‘ज्याच्याबरोबर आपण अन्न खातों तो’, अर्थात् एका ताटाचा सोबती, असा होता. इंग्रजींतील ‘मीट’ हा शब्द याच घराण्यांतला आहे. आज ‘मीट’ म्हणजे मांस. परंतु जुन्या इंग्रजींत कोणत्याहि अन्नाला तोच शब्द लावीत असत, आणि मिठाईला इंग्रजींत अद्यापि ‘स्वीटमीट’ म्हणतात तें त्या जुन्या अर्थाला धरूनच. सोबत्याला इंग्रजींत ‘कंपॅनियन’ असा जो दुसरा भारदस्त शब्द आहे, त्याचाहि मूळ लॅटिन अर्थ ‘ज्याच्याबरोबर भाकरी खातों तो’ असाच आहे. म्हणजे एक शब्द पंडितांच्या भाषेंतून आला आणि दुसरा दर्यावर्दी लोकांच्या भाषेंतून आला. परंतु मित्र कोणास म्हणावें या प्रश्नाचें दोघांनीं एकच उत्तर दिलें!

हा अर्थ जहाजावरच विशेष कां टिकला, हें समजण्यासाठीं जुन्या शिडाच्या जहाजांवरील जीवनाची थोडी कल्पना पाहिजे. अठराव्या शतकांतील इंग्रजी युद्धनौकेवर शेंकडों माणसें महिनेच्या महिने कोंडलेलीं असत. त्यांना स्वतंत्र खोली नसे. जेवणाच्या वेळीं तोफांच्या मधल्या जागेंत छतापासून टांगलेलीं मेजें खालीं सोडीत, आणि एकेका मेजाभोंवतीं चार ते आठ खलाशी बसत. या टोळीला ‘मेस’ म्हणत. आपल्याकडे वसतिगृहांतील विद्यार्थी ज्या ‘मेस’मध्यें जेवतात, तो शब्द हाच. टोळींतील प्रत्येकानें पाळीपाळीनें सर्वांचा शिधा मोजून आणावा, तो जहाजाच्या आचाऱ्याकडून शिजवून घ्यावा, आणि मग तो सर्वांना वांटावा, असा नेम होता. घरीं आईबाप, बहीणभाऊ यांच्या संगतींत जें सुख मिळतें, तें त्या बिचाऱ्यांना या अरुंद मेजावरच काय तें मिळे. म्हणून खलाशांत अशी एक जुनी म्हण होती कीं, परक्यापेक्षां एका जहाजावरचा सोबती जवळचा, आणि एका जहाजावरच्या सोबत्यापेक्षां एका मेजावरचा सोबती अधिक जवळचा.

या मेजाशीं आपल्या देशाचाहि एक गमतीचा संबंध आहे. त्या काळीं इंग्रजी आरमारांत आठवड्यांतून सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन दिवस मांस मिळत नसे. या दिवसांना खलाशी ‘बनियन डे’ म्हणत. पश्चिम हिंदुस्थानच्या बंदरांतून जे वाणी व्यापारी त्यांना भेटत ते मांस खात नसत. त्यांच्यावरून हें नांव पडलें. सुरतेच्या व मुंबईच्या वाण्याचें नांव अशा रीतीनें इंग्रज खलाशाच्या ताटांत जाऊन बसलें. ज्यांचें सारें आयुष्य शिध्याच्या मापावर अवलंबून होतें, त्यांच्या भाषेंत दिवसांनाहि आणि मित्रांनाहि अन्नावरून नांवें मिळावीं, यांत नवल तें काय?

पुढें ‘मेट’ या शब्दाला आणखी दोन अर्थ चिकटले. एक मदतनिसाचा: आचाऱ्याचा मेट, शस्त्रवैद्याचा मेट, गोलंदाजाचा मेट. दुसरा अधिकाराचा: व्यापारी जहाजावर कप्तानाच्या खालोखाल जो अधिकारी असतो त्याला ‘चीफ मेट’ म्हणतात, आणि त्याच्या खालीं दुसरा व तिसरा मेट असतो. एकाच शब्दानें मित्र, चाकर आणि अधिकारी या तिघांना संबोधावें हें प्रथम विचित्र वाटतें. परंतु मराठींतील ‘गडी’ हा शब्द पहा. खेळांतील जोडीदार तो गडी, आणि घरीं किंवा शेतावर राबणारा तोहि गडीच. ‘सवंगडी’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें कृष्णाचे गोपाळ उभे राहतात, आणि ‘घरगडी’ म्हटलें कीं भांडीं घांसणारा मनुष्य. जो बरोबर श्रम करतो तो सोबती, ही मूळ कल्पना दोन्ही भाषांत सारखीच आहे. मागाहून मनुष्यानें सोबत्यांतहि उच्चनीच पायऱ्या लाविल्या, एवढेंच.

आतां या शब्दाचा खरा अर्थ कृतींत कसा उतरतो, याचें एक उदाहरण देतों. इ. स. १७८७ च्या डिसेंबरांत ‘बाउंटी’ नांवाचें इंग्रजी जहाज ताहिती बेटाकडे निघालें. कप्तान होता विल्यम ब्लाय. त्याच्या हाताखालीं फ्लेचर ख्रिश्चन नांवाचा तरुण होता, आणि त्याचा हुद्दा ‘मास्टर्स मेट’ असा होता. परतीच्या वाटेवर, ता. २७ एप्रिल १७८९ रोजीं, जहाजावरील कांहीं नारळ कमी झालेले दिसले, म्हणून कप्तानानें ख्रिश्चनवर व इतरांवर चोरीचा आळ घातला. दुसऱ्याच दिवशीं पहाटे ख्रिश्चननें बंड करून ब्लाय व त्याच्या बाजूचीं १८ माणसें एका उघड्या होडींत घालून समुद्रांत सोडून दिलीं. बंडाचें कारण केवळ नारळ होतें असें नाहीं. तथापि, ज्या जहाजावर हुद्द्याचें नांव ‘मेट’ होतें, तेथें खाण्याच्या वस्तूवरून झालेला अपमान ही अखेरची ठिणगी ठरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

होडी अवघी २३ फूट लांब. जवळ सुमारें १५० पौंड कोरडी रोटी, थोडें डुकराचें मांस आणि २८ गॅलन पाणी. पहिल्याच बेटावर तेथील लोकांनीं हल्ला केला व त्यांत एक मनुष्य मारला गेला. उरलेल्या अठरा जणांनीं तिमोर बेटापर्यंतचा ३,६०० सागरी मैलांहून अधिक प्रवास करून ता. १४ जून १७८९ रोजीं कुपांग बंदर गांठलें, आणि या सबंध प्रवासांत उपासानें एकहि मनुष्य मेला नाहीं. हें कसें साधलें? ब्लायनें नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला, आणि पौंडाच्या पंचविसाव्या भागाएवढ्या वजनाची पिस्तुलाची एक गोळी हें वजन ठरविलें. तेवढीच रोटी प्रत्येकाला, कप्तानालाहि तेवढीच. एके दिवशीं लहानशा पारव्याएवढा एक समुद्रपक्षी हातीं लागला. त्याचे अठरा वांटे केले. परंतु कोणता वांटा कोणाचा? एकानें पाठ फिरवून बसावें, दुसऱ्यानें एकेका वांट्यावर बोट ठेवून ‘हा कोणाचा?’ असें विचारावें, आणि पाठमोऱ्यानें न पाहतां एकेकाचें नांव घ्यावें, अशी खलाशांत जुनी रीत होती. त्या रीतीनें ती वांटणी झाली. ज्याला बोट दिसत नाहीं तो पक्षपात कसा करणार?

ब्लाय हा गोड बोलणारा मनुष्य नव्हता. त्याची जीभ तिखट होती, हें सर्वश्रुत आहे. त्या होडींत तो कोणाला लाडानें ‘मेट’ म्हणाला असेल असें वाटत नाहीं. तरी ज्याला तो शब्द साजेल असें वर्तन त्या करवंट्यांच्या तराजूंत होतें. आदल्या दिवशींच्या नारळांनीं माणसें तोडलीं आणि नंतरच्या करवंट्यांनीं तीं जगविलीं. भेद एवढाच कीं, आळ घालतांना कप्तान मेजाच्या वर होता आणि तराजू धरतांना तो इतरांबरोबर पंगतींत बसला होता.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या १८८३ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या कादंबरींत पाहावें. लाँग जॉन सिल्व्हर हा जहाजाचा आचारी. म्हणजे अन्न देणारा. बोलणें मधाळ, सर्वांशीं सलगी. परंतु ज्यांच्या ताटांत तो वाढतो त्यांचाच घात करण्याचा त्याचा बेत असतो. चांचे बोलतात ती म्हणून जी धाटणी आज सर्वत्र समजली जाते, ती याच कथेवरून १९५० सालीं निघालेल्या चित्रपटांत रॉबर्ट न्यूटन या नटानें सिल्व्हरच्या भूमिकेसाठीं वापरलेल्या उच्चारांवरून पुष्कळशी रूढ झाली. आतां दरसाल १९ सप्टेंबर या दिवशीं हौशी लोक चांच्यांसारखें बोलण्याचा विनोदी सणहि साजरा करतात. गंमत म्हणून तें ठीकच आहे. परंतु आपण ज्याचें सोंग घेतों, तो ‘मेटी’ म्हणत म्हणत गळा कापणारा होता, हें विसरूं नये.

ऑस्ट्रेलियांत या शब्दाचें माहात्म्य फार मोठें आहे. तेथें अनोळखी मनुष्यासहि ‘मेट’ म्हणतात. इ. स. २००५ च्या ऑगस्टांत कॅनबेरा येथील संसदभवनाच्या पहारेकऱ्यांना, कोणासहि ‘मेट’ म्हणूं नये, असा हुकूम निघाला. त्यावर एवढा गदारोळ झाला व खुद्द पंतप्रधानांनींहि अशी नापसंती दर्शविली कीं, तो हुकूम लगेच मागें घ्यावा लागला. या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनीं पाहतां येतें. पहारेकऱ्यानें मंत्र्याला सोबती म्हणावें, ही त्या देशाच्या समतेची खूण आहे असें कित्येक म्हणतील, आणि तें खोटें नाहीं. परंतु तो शब्द तोंडीं असणें निराळें आणि दोघांचा वांटा सारखा असणें निराळें. पहिल्याचा हक्क राखण्यासाठीं सारा देश बोलूं लागतो, दुसऱ्याविषयीं मात्र तेवढा कोलाहल सहसा होत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे.

आतां आपल्याकडील खलाशांचें काय? ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशी काम करीत आले. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. मुंबई बंदरांतून जे जात त्यांत रत्नागिरीकडील कोंकणी पुष्कळ असत. त्यांचा नायक तो सारंग, त्याच्या खालचा तो तांडेल. त्यांच्याशीं बोलतां यावें म्हणून टॉमस रोबक नांवाच्या अधिकाऱ्यानें १८११ सालीं कलकत्त्यास एक नाविक शब्दकोशहि छापून काढला. पण तो मुख्यतः हुकूम देण्यासाठीं. वादळ तेंच, शीड तेंच, बुडण्याचें भय तेंच. परंतु लस्करांचें जेवण वेगळें, पगार गोऱ्या खलाशापेक्षां पुष्कळ कमी, निजावयास जागाहि कमी. ते एका जहाजावरचे होते, एका मेजावरचे नव्हते. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ज्यांना समुद्रावांचून दुसरी कबर मिळाली नाहीं, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक मुंबईंत मशीद बंदराजवळ, हिंदी खलाशांच्या वसतिगृहांत आहे. आपल्या कोंकणांतील किती घरांचे कर्ते पुरुष त्या खाऱ्या पाण्यांत राहिले असतील याचा विचार मनांत येतो, तेव्हां ‘मेट’ या शब्दाची गोडी क्षणभर कडू वाटूं लागते.

आणि ता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईंत ‘तलवार’ या आरमारी शिक्षणकेंद्रावर हिंदी नाविकांनीं जो उठाव केला, त्याचा आरंभ कशानें झाला? निकृष्ट अन्नानें. राजकीय कारणें मोठीं होतींच. परंतु नाविकांच्या तक्रारींत दोन गोष्टी अगदीं पुढें होत्या. एक, ताटांत काय वाढलें जातें. आणि दुसरी, वरिष्ठ अधिकारी कोणत्या अपशब्दांनीं हांक मारतात. अन्न आणि संबोधन! ज्या दोन गोष्टी ‘मेट’ या शब्दांत एकत्र नांदतात, त्याच दोन गोष्टी बिघडल्या असतां काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

कोणी म्हणेल, ‘एवढ्याशा शब्दावर केवढा हा भार! वाटेवर भेटलेल्यास गोड हांक मारली तर बिघडलें काय? प्रत्येकाला जेवावयास थोडेंच बोलावितां येतें?’ हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. गोड शब्दानें जगाचें ओझें थोडें हलकें होतें, हें आम्हांसहि मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शब्द पुढें गेला तर वर्तनानें त्याच्या मागोमाग जावें. मराठींत आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणें’ असें म्हणतों. मीठ खाणें ही एका क्षणाची गोष्ट. जागणें ही आयुष्याची. आपल्याकडे ‘दादा’, ‘भाऊ’, ‘काका’, ‘मावशी’ हीं नांवें आपण किती सहज देतों! भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला काका म्हणणाऱ्या घरांतच, कामाला येणाऱ्या बाईसाठीं चहाचा कप निराळा कोनाड्यांत ठेवलेला असतो. ती बाईहि त्या मुलांची ‘मावशी’च असते! शब्दानें तिला आईची बहीण केलें आणि कपानें तिला उंबऱ्याबाहेर ठेवलें. या दोहोंपैकीं तिला खरें काय वाटत असेल, तें सांगावयास कोश नको.

आपल्या परंपरेंत पंक्तिप्रपंच हा दोष मानला आहे. एका पंगतींत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडें वाढणें हें निंद्य समजलें आहे. गोपाळकाल्याच्या कथेंतील गोडी तरी कशांत आहे? प्रत्येकानें आपापली शिदोरी सोडली आणि ती एकांत एक कालविली, यांतच. ज्याची शिदोरी आंबट होती त्याची आंबट म्हणून बाजूला ठेवली असती, तर त्या कथेंत काला राहिला नसता, आणि सवंगडीहि राहिले नसते. उत्तर समुद्रावरील खलाशांनीं जें एका शब्दांत सांगितलें, तें आपल्या गोपाळांनीं एका मडक्यांत दाखविलें.

विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुट्टींत तुम्ही डबे उघडतां तेव्हां या लेखाची परीक्षा रोज होत असते. कोणाच्या डब्यांत तुपाची पोळी असते, कोणाच्या डब्यांत शिळी भाकरी, आणि एखाद्याचा डबा त्या दिवशीं नसतोच. तो नळावर पाणी पिऊन मैदानाच्या कडेला उभा असतो. खेळांत त्याला आपल्या बाजूचा गडी म्हणून घेण्यास कोणी कचरत नाहीं, कारण तो चपळ असतो. परंतु घंटा झाल्यावर तो गडी कोठें जातो, याची चौकशी किती जण करतात? आणि पालकांसहि विनंति अशी कीं, मुलानें डबा वांटून खाल्ला म्हणून त्यास रागें भरूं नये, व कोणाच्या डब्यांतलें खाल्लें याची जात पुसूं नये. व्याकरणाचे नियम आम्हीं वर्गांत शिकवूं. परंतु या एका शब्दाचा अर्थ घरच्या स्वयंपाकघरांतच शिकावा लागतो.

शेवटीं शब्दाच्या उपयोगाविषयीं दोन व्यावहारिक सूचना. ‘मेटी’ हा बरोबरीच्यांचा सलगीचा शब्द आहे. परीक्षेच्या निबंधांत किंवा वडील माणसांशीं बोलतांना तो शोभत नाहीं. पुढेंमागें तुमच्यापैकीं कोणी व्यापारी जहाजावर नोकरीस गेला, तर ‘चीफ मेट’ हा हुद्दा आहे हें त्यानें ध्यानांत ठेवावें, आणि त्या गृहस्थांस ‘मेटी’ अशी हांक मारूं नये! नाटकांत, खेळांत, मित्रांच्या मेळ्यांत मात्र तो खुशाल वापरावा. फक्त ज्याला तो म्हणावयाचा, त्याच्यापुढें आपला डबा उघडण्याची तयारी असावी. ती नसेल, तर साधें नांव घेऊन हांक मारावी. तेंहि कांहीं वाईट नाहीं, आणि निदान खोटें तरी नाहीं.